चिखलदऱ्याची उंची आणि फ्रेंच वाइन

सन १८२३ मध्यें हैदराबादच्या फौजेंतील कॅप्टन रॉबिन्सन याला चिखलदऱ्याचें पठार गवसलें, असें सांगतात. कोरकू व गवळी लोकांना तें आधींपासूनच ठाऊक होतें, हा भाग निराळा. सुमारें ३,६०० फूट उंचीच्या या थंड माथ्यावर पुढें कॉफी रुजली, आणि ती आजहि होते. मग फ्रान्सची द्राक्षवेल येथें कां बरें रमूं नये?

उत्तर पावसांत आहे. मेळघाटचा पावसाळा दाट व धुक्याचा. अशा ओलाव्यांत द्राक्षाच्या पानांवर केवडा माजतो. नाशिक चिखलदऱ्याहून कितीतरी ठेंगणें, दोन हजार फुटांच्या आसपास. पण सह्याद्रीच्या पूर्वेस, पर्जन्यछायेंत. म्हणून फ्रेंच परंपरेनें महाराष्ट्रांत ठाव धरला तो सह्याद्रीच्या या अंगाला. नारायणगांवीं शामराव चौगुले यांनीं १९८० नंतरच्या दशकांत पिपर-हाइडसिक या शँपेन घराण्याच्या साहाय्यानें ‘ओमर खय्याम’ ही फेसाळ पांढरी वाइन काढली. नाशकांत राजीव सामंत यांच्या ‘सुला’नें २००० सालीं सोव्हिन्यों ब्लाँ व शेनँ ब्लाँ या फ्रेंच जातींच्या वाइन बाजारांत आणल्या.

फ्रान्सांत अनेक ठिकाणीं एका जातीवर न विसंबतां मिलाफ करतात. बोर्दोकडे सोव्हिन्यों सुगंध व आंबटपणा देते, सेमियों तिला भरदारपणा देते. शँपेनमध्यें तर काळीं द्राक्षेंहि वापरतात. साल लागलीच दूर केली कीं त्यांचा रस जवळजवळ पांढराच निघतो. प्रमाण मात्र, घरोघरच्या मसाल्याप्रमाणें, ज्याच्या त्याच्या जिभेचें.

महाराष्ट्रांत या मिलाफाला आणखी एक कारण मिळालें. फ्रान्सांत वेल हिवाळाभर निजते आणि तोडणी सप्टेंबरच्या सुमारास होते. येथें ती निजतच नाहीं. बागाईतदार एप्रिलांत खरडछाटणी व पावसाळा सरतां गोडीछाटणी करतो, तेव्हां द्राक्षें जानेवारी ते मार्चमध्यें हातीं येतात. उन्हानें साखर झपाट्यानें चढते आणि आंबटपणा उतरतो. पांढऱ्या वाइनचा तर सारा जीव त्या आंबटपणांत. म्हणून घड गारव्याच्या वेळीं तोडतात, रस थंड टाक्यांत आंबवितात, आणि आंबटपणा टिकविणारी शेनँसारखी जात दुसरीच्या जोडीला देतां येते. फ्रान्सांत जी बहुधा रुचीची निवड, ती येथें हवामानाशीं केलेली तडजोडहि ठरते.

अशी वाइन गारच प्यावी; पण बर्फगार केल्यास तिचा वास दबतो. चिखलदऱ्याच्या डिसेंबरांत हें सहज साधतें, अमरावतीच्या वैशाखांत प्याला हातांतच कोमट होतो.

नाशकांत तोडणी संपते त्याच सुमारास मेळघाटांत मोहाचीं फुलें गळूं लागतात. कोरकू बायका तीं वेंचून वाळवितात. त्यांतूनहि मद्य निघतें. द्राक्षाच्या वाइनला राज्य सरकारनें २००१ सालीं धोरण आंखून उत्तेजन दिलें. मोहाच्या दारूची नोंद मात्र दीर्घकाळ पोलिसांच्या दप्तरांतच होत राहिली.