रुक्मी परत गेला

भाऊबीज उलटली, भाताची कापणी आटोपत आली आणि पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतील गावोगावी मंडया भरू लागल्या, की वडसा या गावी, ज्याचे दप्तरी नाव देसाईगंज असे आहे, नाटक मंडळ्यांच्या कचेऱ्यांतून खेड्यापाड्यांतील मंडळींची जी वर्दळ सुरू होते ती होळीपर्यंत थांबत नाही. कोणते नाटक ठरवावे, कोणता नट यावा, शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, रात्री आपल्या गावचा मांडव शेजारच्या गावच्या मांडवापेक्षा उणा पडू नये म्हणून काय करावे, याची घासाघीस तेथे दिवसभर चालते. गेल्या हिवाळ्यात अशाच एका कचेरीबाहेरील बाकावर बसलो असता, वडीलधाऱ्यांबरोबर आलेल्या तीनचार मुलांचा, झाडीच्या बोलीत सांगायचे तर पोट्ट्यांचा, एक वाद माझ्या कानी पडला. नाटकाशी त्याचा संबंध नव्हता. निरनिराळ्या खेळांतील आणि कथांतील वीर एकाच आखाड्यात आणून झुंजविणारा एक व्हिडिओ गेम आहे, त्याच्या पुढल्या आवृत्तीत कोणास घ्यावे आणि कोणास घेऊ नये, हा त्यांच्यातील तंट्याचा मुद्दा होता. एकाने बळाचा दाखला द्यावा, दुसऱ्याने कीर्तीचा, तिसऱ्याने आपल्या आवडत्या वीरावर आजवर झालेल्या अन्यायाची कैफियत मांडावी, असा तो एखाद्या मुन्सिफाच्या कोर्टात शोभावा इतका रीतसर वाद होता. आणि तो ऐकत असताना मला वाटले, की ही मुले ज्या भूमीवर बसली आहेत त्या भूमीत हा वाद फार जुना आहे.

त्या खेळाविषयी मागाहून जी माहिती मिळाली ती येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ हा निन्टेन्डो कंपनीचा खेळ जानेवारी १९९९ मध्ये जपानात प्रथम निघाला तेव्हा त्यात अवघे १२ योद्धे होते. २०१८ साली निघालेल्या आवृत्तीत पुढे भर पडत पडत ही संख्या ८९ वर गेली. मधल्या काळात, २०१५ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, कंपनीने खेळणाऱ्यांकडून उघड कौल मागविला. त्या कौलात ‘किंगडम हार्ट्स’ या दुसऱ्या खेळातील सोरा नावाच्या मुलाचे नाव सर्वांत पुढे होते, हे खेळाचे कर्ते मासाहिरो साकुराई यांनी सांगितले ते २०२१ साली, जेव्हा तो मुलगा अखेर त्या आखाड्यात उतरला. लोकमत मिळून सहा वर्षे तो दाराशी तिष्ठत राहिला, कारण तो परक्याच्या मालकीचा होता आणि ज्याची मालकी त्याची परवानगी हा तेथला कायदा आहे. आपल्या पुराणांतील वीरांवर कोणाची मालकी नव्हती. म्हणून आपल्याकडे प्रवेशाचा प्रश्न निराळ्या रीतीने सुटला, आणि ती रीत मला अधिक विचार करण्याजोगी वाटते.

कुरुक्षेत्रावर त्या काळच्या आर्यावर्तातील यच्चयावत् क्षत्रियांस आमंत्रण होते, असा आपला समज असतो. परंतु उद्योगपर्व लक्षपूर्वक वाचणाऱ्यास ठाऊक असते, की एक अक्षौहिणी सैन्य आणि विजय नावाचे दिव्य धनुष्य घेऊन आलेला एक राजा दोन्ही पक्षांकडून नाकारला गेला, आणि तो राजा आपल्या विदर्भाचा होता. रुक्मिणीचा बंधू रुक्मी प्रथम पांडवांच्या शिबिरात गेला, त्यांनी आदरसत्कार केल्यावर तो अर्जुनास म्हणाला, की तुला भय वाटत असेल तर मी साहाय्यास उभा आहे. अर्जुनाने हसून, भय म्हणजे काय हे आपण जाणत नाही, अशा अर्थाचे उत्तर दिले. मग तो दुर्योधनाकडे गेला आणि तेच बोलला, तेव्हा त्या अभिमानी राजानेही त्याला परतवून लावले. बलराम स्वेच्छेने तीर्थयात्रेस गेला, रुक्मीला जावे लागले. पराक्रमात तो कमी नव्हता. ज्या संग्रामात प्रत्येकजण कोणाचा तरी पुत्र, शिष्य, जामात किंवा वैरी म्हणून उभा होता, त्या संग्रामात तो केवळ आपले सामर्थ्य घेऊन आला, आणि सामर्थ्य हा तेथे प्रवेशाचा दाखला मानला जात नव्हता.

बर्बरीकाची कथा याच न्यायाची दुसरी बाजू दाखविते. स्कंदपुराणातील हा घटोत्कचपुत्र तीन बाणांत सारे युद्ध संपवू शकत होता, म्हणून कृष्णाने त्याचे शिर मागून घेतले आणि त्या शिराला पर्वतशिखरावरून युद्ध पाहण्याचा तेवढा अधिकार दिला. स्मॅश खेळाच्या अमेरिकेतील स्पर्धांत २०११ साली मेटा नाइट नावाच्या योद्ध्यावर, तो इतरांस जिंकूच देत नाही या कारणास्तव, बंदीचा ठराव झाला होता, हे मला त्या मुलांपैकीच एकाने सांगितले. बर्बरीकाची गोष्ट त्याला सांगितली तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

मग भिन्न युगांतील, भिन्न कथांतील वीर आपल्याकडे कधी समोरासमोर आलेच नाहीत काय? आले, आणि वारंवार आले. परंतु प्रत्येक वेळी त्यांच्यामध्ये नात्याचा एक धागा कथाकाराने आधी ओवला. रामाच्या सैन्यातील वृद्ध जांबवान द्वापरातील कृष्णाशी भागवताप्रमाणे अठ्ठावीस दिवस झुंजला, तो स्यमंतक मण्याच्या निमित्ताने, आणि झुंजीअखेर आपला स्वामीच रूप पालटून आला आहे हे ओळखून त्याने आपली कन्या दिली. आनंदरामायणात हनुमंत आणि अर्जुन समोरासमोर येतात ते रामाने सेतू बाणांचा का बांधला नाही या अर्जुनाच्या गर्वोक्तीमुळे. न. चिं. केळकरांनी ज्यावर नाटक लिहिले त्या कृष्णार्जुनयुद्धाच्या आख्यानात तर साक्षात् नर आणि नारायण परस्परांवर शस्त्र उगारतात, आणि त्याचे कारण एवढेच, की आकाशमार्गाने जाणाऱ्या गंधर्वाची थुंकी गालव ऋषींच्या अर्घ्याच्या ओंजळीत पडली, कृष्णाने त्याच्या वधाची प्रतिज्ञा केली आणि अर्जुनाच्या घरी त्याला अभय मिळाले. निमित्त तिळाएवढे आहे, पण ते आहे. त्यावाचून प्रेक्षकाने ती झुंज मान्य केली नसती.

झाडीपट्टीच्या लोकांना वीरांच्या या मेळ्यातील एक प्रसंग आपल्या घरचा वाटतो. जैमिनीच्या अश्वमेधकथेत युधिष्ठिराच्या यज्ञासाठी श्यामकर्ण घोडा हवा असतो, आणि तो भद्रावतीच्या यौवनाश्व राजापाशी असतो. चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, वायव्येस, वरोऱ्याच्या वाटेवर असलेले भांदक हेच ते भद्रावती, अशी तेथील पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा, आणि आता सरकारदरबारीही त्याचे नाव भद्रावतीच आहे. घोडा आणावयास भीमाबरोबर जे दोघे जातात त्यांच्याकडे पाहावे: एक कर्णाचा पुत्र वृषकेतु, दुसरा घटोत्कचाचा पुत्र मेघवर्ण. ज्याच्या पित्याने ज्याच्या पित्याचा शक्तीने वध केला, ते दोघे एका बाजूस उभे राहून लढतात. श्रीधरस्वामींनी हे आख्यान १७१५ च्या सुमारास मराठी ओव्यांत आणले, आणि पोथीच्या वाटेने ते अशा खेड्यांत गेले जेथे संस्कृताचा एकही जाणता नसेल. बापांचे वैर मुलांच्या सख्यात विसर्जित करूनच त्या मुलांस रणात प्रवेश मिळतो, ही कल्पना मला आपल्या आख्यानपरंपरेतील सर्वांत उदार कल्पनांपैकी एक वाटते.

ही आख्याने झाडीत केवळ ऐकली गेली नाहीत, ती खेळली गेली. दंडार हा या वनप्रदेशाचा स्वतःचा खेळ. दिवाळीनंतरच्या थंड रात्री, शेतीची कामे आटोपलेले गावातीलच पुरुष स्त्रियांची सोंगेही स्वतःच घेऊन, गण म्हणून, गवळण म्हणून मग कथेस लागत. दंडार या शब्दाचा आणि शेजारच्या आदिलाबादकडील राजगोंडांच्या दिवाळीतील दंडारी नृत्याचा संबंध मला जवळचा भासतो, आणि झाडीत मराठी व गोंडी ही दोन्ही कुळे ज्या सहजतेने एका चावडीवर बसत आली ते पाहता तसा तो असावा यात नवल नाही. मालगुजारी होती तोवर, म्हणजे १९५१ पर्यंत, गावच्या मालगुजाराचा शब्द खेळाच्या खर्चात आणि म्हणून निवडीतही वजनदार असे. पण जेथे खेळणारा आणि पाहणारा एकाच गल्लीत राहतो तेथे अंतिम फैसला समोर घोंगडी अंथरून बसलेल्यांचाच. राक्षसाला आवाज हवा, देवाला चेहरा हवा, आणि दोघांच्या वैराला कारण हवे. कारण नसलेल्या लढाईत पहाटेपर्यंत कोणी बसून राहत नाही.

पुढे दंडारीतून झाडीपट्टीची नाटके निघाली, वडसा आणि नवरगाव ही त्यांची केंद्रे झाली, आणि या रंगभूमीतील परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा उर्वरित महाराष्ट्राला तिची पुन्हा एकदा आठवण झाली. त्या मंचावर आता कौटुंबिक आणि सामाजिक नाटकांचेच राज्य आहे. देव आणि दानव एकमेकांवर धावून येण्याचा, ‘अललडुर्र’ अशा आरोळीने राक्षसपार्टीने मंच दणाणून सोडण्याचा तो जुना काळ सरला. तो जावा अशी माझी इच्छा नव्हती, हे स्पष्ट लिहितो.

एका प्रवेशाविषयी मात्र मनात नेहमीच रुखरुख राहिली आहे. रावण या मेळ्यांत सदैव होता, परंतु वध्य म्हणूनच. गडचिरोली जिल्ह्यातील परसवाडीसारख्या गावी गोंड बांधव दसऱ्याला रावणाचे पूजन करतात, त्यास आपला पूर्वज मानतात. त्यांच्या बाजूने ही कथा सांगणारे आख्यान मराठी मंचाने रचल्याचे माझ्या ऐकिवात नाही. जे प्रेक्षकांत बसले होते त्यांच्या पूर्वजाला, रुक्मीला निदान एकदा तरी मिळाली तशी, शिबिराच्या दारात आपले म्हणणे मांडण्याची संधीही मिळाली नाही. नात्यावाचून प्रवेश नाही हा न्याय मी वर वाखाणला आहे. पण नाते कोणाच्या तोंडून सांगितले जाते याचा विचार त्या न्यायात नव्हता, आणि ही उणीव लहान नाही.

चंद्रपूर शहराच्या दक्षिणेस लालपेठेत उघड्यावर प्रचंड एकाश्म मूर्ती पडलेल्या आहेत. गोंड राजांच्या अमदानीत रायप्पा नावाच्या कोमटी व्यापाऱ्याने शिवाचे विशाल देवालय उभारण्याच्या इच्छेने त्या कोरविल्या आणि काम पुरे होण्याआधीच तो मृत्यू पावला, अशी तेथील परंपरा सांगते. कोणता देव कोठे बसावा याची सारी योजना त्याच्याबरोबर गेली. त्यांतील सर्वांत मोठी मूर्ती दशमुखी दुर्गेची आहे असे जाणते सांगतात. त्या दिवशी वडशाहून परतताना मी चंद्रपुरास थांबलो आणि लालपेठेचा रस्ता विचारला. सायकलवरून उतरून एका म्हाताऱ्या गृहस्थाने हाताने दिशा दाखविली आणि ते म्हणाले, “रावणाकडे जायचं आहे नं भाऊ? मग सरळच जा.”