पदवी स्तरावरील उन्हाळी गणित कार्यक्रम

पदवी अभ्यासक्रमाच्या आरंभीच्या वर्षांतील विद्यार्थ्यांना उन्हाळी सुट्टीत गणितातील संशोधनाची पूर्वतयारी करून देणारी शिबिरे, शिष्यवृत्त्या व वाचन-प्रकल्प यांना एकत्रितपणे उन्हाळी गणित कार्यक्रम म्हटले जाते. भारतातील यांपैकी सर्वाधिक परिचित कार्यक्रम 'मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च' हा असून तो एमटीटीएस या नावाने ओळखला जातो. मुंबई विद्यापीठातील तत्कालीन प्राध्यापक एस. कुमारेसन यांच्या पुढाकाराने तो १९९३ साली सुरू झाला.

संशोधन व प्रशिक्षण

प्रायोगिक विज्ञानांत पदवीचा विद्यार्थी प्रयोगशाळेतील एखादे मोजमाप करून चालू संशोधनाला हातभार लावू शकतो. गणितात तसा सोपा प्रवेश नाही. अनुत्तरित प्रश्न समजून घेण्यासाठीच पुष्कळदा पदव्युत्तर ज्ञान लागते. त्यामुळे 'उन्हाळी संशोधन' या नावाखाली भारतात बहुधा सिद्धता वाचणे, त्या स्वतः रचणे आणि इतरांसमोर मांडणे याचेच शिक्षण दिले जाते. याला दुय्यम मानण्याचे कारण नाही; परीक्षेसाठी सिद्धता पाठ करण्याची सवय मोडणे हीच संशोधनाची पहिली पायरी ठरते.

उदाहरणार्थ, बंद व परिबद्ध अंतरालावरील संतत फलन परिबद्ध असते, हे प्रमेय विद्यापीठीय अभ्यासक्रमात असतेच. शिबिरात मात्र 'अंतराल बंद नसेल तर काय होईल?' असा प्रश्न विद्यार्थ्यालाच विचारला जातो. ० आणि १ यांमधील, दोन्ही टोके वगळलेल्या अंतरालावर १/x हे फलन संतत असूनही वाटेल तेवढे मोठे होते, हे प्रतिउदाहरण त्याने स्वतः शोधावे अशी अपेक्षा असते. प्रमेयातील प्रत्येक अट कशासाठी आहे, हे त्यातून उमगते.

एमटीटीएस

हा चार आठवड्यांचा निवासी कार्यक्रम देशातील निरनिराळ्या केंद्रांवर साधारणतः मे-जूनमध्ये भरतो. त्याला अणुऊर्जा विभागांतर्गत १९८३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळाचे अर्थसाहाय्य लाभले आहे. त्याचे तीन स्तर आहेत: पदवीच्या दुसऱ्या वर्षातील विद्यार्थ्यांसाठी शून्य स्तर, तिसऱ्या वर्षासाठी पहिला आणि पदव्युत्तर पहिल्या वर्षासाठी दुसरा. शून्य स्तरावर मुख्यतः वास्तव विश्लेषण, रैखिक बीजगणित आणि अंकशास्त्र यांसारख्या पायाभूत विषयांवर भर असतो. व्याख्यान संवादातून पुढे सरकते; विद्यार्थ्याने फळ्यापाशी येऊन चूक करणे हा शिकवण्याचाच भाग मानला जातो.

निवड शैक्षणिक नोंद व गणिताच्या शिक्षकांचे शिफारसपत्र यांच्या आधारे होते. निवास, भोजन व रेल्वेचे शयनयान भाडे कार्यक्रमाकडून मिळते. याच धर्तीवर स्थानिक महाविद्यालयांत मिनी-एमटीटीएस ही छोटी शिबिरेही घेतली जातात.

इतर संधी

बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी अन्य दोन राष्ट्रीय अकादमींसह उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देते. तीत विद्यार्थी सुमारे दोन महिने एखाद्या मार्गदर्शकाकडे काम करतो. गणितात हे काम बहुतेक वेळा वाचन-प्रकल्पाच्या स्वरूपाचे असते. अर्जासोबत आपणास काय करावयाचे आहे याचे टिपण लागते, आणि ते टिपण लिहिणे हीच अनेकांची खरी अडचण असते.

पुण्यातील सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचा गणित विभाग आणि मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र यांच्या सहकार्याने २०१० पासून घेतली जाणारी माधव गणित स्पर्धा हा उन्हाळी कार्यक्रम नव्हे. परंतु पदवी विद्यार्थ्यांसाठी असलेल्या या स्पर्धेतील प्रश्न त्याच प्रकारच्या विचाराची तयारी करून घेतात. केरळातील संगमग्रामच्या माधव या गणितज्ञाचे नाव तिला दिलेले आहे.

अमेरिकेत जोसेफ गॅलियन यांनी १९७७ साली डुलुथ येथे पदवी विद्यार्थ्यांचा उन्हाळी संशोधन कार्यक्रम सुरू केला. तेथे मर्यादित आवाक्याचे अनुत्तरित प्रश्न विद्यार्थ्यांना दिले जात. पुढे १९८७ पासून तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने अशा कार्यक्रमांना पद्धतशीर अनुदान देणे सुरू केले. हे अनुदान अमेरिकेचे नागरिक व कायम रहिवासी यांच्यापुरतेच असल्याने भारतीय विद्यार्थ्यांस त्याचा लाभ होत नाही. २०२० साली महासाथीच्या काळात सुरू झालेला पॉलिमॅथ ज्युनियर हा ऑनलाइन कार्यक्रम मात्र अन्य देशांतील विद्यार्थ्यांनाही खुला आहे.

दुर्गम भागातील विद्यार्थी

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील काठी हे सातपुड्यातील गाव राजवाडी होळीसाठी प्रसिद्ध आहे. अशा गावातील विद्यार्थ्याच्या बाबतीत प्रवासखर्च मिळाला तरी अडथळे संपत नाहीत. घरची बोली भिली, शाळेची भाषा मराठी आणि विज्ञानाच्या पदवीची भाषा इंग्रजी, असा त्याचा प्रवास असतो. शिबिरातील व्याख्याने व चर्चा तिसऱ्या भाषेत होतात. रेल्वेसाठी आधी डोंगर उतरून नंदुरबारला यावे लागते.

जिल्ह्यातील महाविद्यालये जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न आहेत. राज्यातील विद्यापीठांच्या उन्हाळी सत्राच्या परीक्षा लांबल्या की त्यांचे वेळापत्रक शिबिराच्या तारखांवर येते. शिफारसपत्राची अट वरवर साधी वाटते. पण ज्या महाविद्यालयातून आजवर कोणी अर्जच केलेला नाही, तेथे शिक्षकालाही या कार्यक्रमाची माहिती नसण्याची शक्यता असते. शिबिराला जाऊन आलेला एक विद्यार्थी पुढील तुकडीसाठी माहितीचा सर्वांत उपयुक्त स्रोत ठरतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ मधील आराखड्यानुसार, पहिल्या सहा सत्रांत किमान ७५ टक्के गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांना चौथ्या वर्षी संशोधनासह सन्मान पदवी घेता येते. चौथे वर्ष येईपर्यंत सिद्धता लिहिण्याचा सराव झालेला नसेल, तर गणितातील असा प्रकल्प निवडणे अवघड जाते. म्हणून दुसऱ्या वर्षानंतरची उन्हाळी सुट्टी या दृष्टीने महत्त्वाची आहे.