नवी गाडी, जुना प्रश्न: इंजिन बिघडलं तर जबाबदार कोण?

ढाणकीहून बोलतोय. आजचा भाग नव्या गाडीवर. हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले, आणि दोन महिन्यांत गाडी रस्त्यात बंद! आता नुकसान कोणाचं? घेणाऱ्याचं, विकणाऱ्याचं की बनवणाऱ्याचं? शंभर वर्षांत या प्रश्नाचं उत्तर बरंच बदललंय. ते कसं बदललं, हे माहीत असलं की शोरूममध्ये बोलताना आवाजात जोर येतो.

सुरुवात अमेरिकेतून करू. न्यूयॉर्क राज्यातल्या एका दगड घडवणाऱ्या कारागिराने डीलरकडून ब्यूक कंपनीची गाडी घेतली. तेव्हा चाकं लाकडी असत. चाक मोडलं, माणूस गाडीखाली सापडला. कंपनी म्हणाली, "गाडी तुम्ही डीलरकडून घेतली, आमचा तुमचा करार कुठे आहे? आणि चाक तर दुसऱ्याच कंपनीने बनवलंय." १९१६ मध्ये न्यायाधीश कार्डोझो यांनी हा युक्तिवाद फेटाळला. सदोष गाडी धोकादायक असते, म्हणून मधे डीलर असला तरी बनवणाऱ्याची जबाबदारी संपत नाही, असा तो निकाल.

आपल्याकडे काय होतं? १९३० चा मालविक्री कायदा. त्याचं मूळ तत्त्व असं की खरेदीदाराने स्वतःच सावध राहायचं. अपवाद होते, पण ते सिद्ध करायला दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागे. वकील, कोर्ट फी, तारखांवर तारखा. स्वातंत्र्यानंतर परवाना राज आलं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट गाड्या बाहेर पडू लागल्या. पण गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. एवढं थांबून हाती आलेल्या गाडीची तक्रार करणार कोण? लोक सरळ आपल्या मिस्त्रीकडे जायचे.

हे चित्र बदलायला मोठा हातभार लागला तो पुण्याचा. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी तिथे ग्राहक पंचायत सुरू केली आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. ग्राहकांसाठी वेगळा कायदा आणि वेगळं न्यायालय हवं, ही मागणी अशा चळवळींनी लावून धरली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. म्हणून २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन, बरं का.

पण कायदा आला म्हणजे मागाल ते मिळतं असं नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण होतं. नव्या गाडीच्या क्लचची तक्रार, आणि खालच्या आयोगाचा आदेश असा की गाडीच बदलून द्या. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, वॉरंटीत सदोष पार्ट बदलून देण्याचं वचन आहे, अख्ख्या गाडीचं नाही. प्रवासखर्च वगैरेपोटी ५०,००० रुपये मंजूर झाले. अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्येच खास नव्या सदोष गाड्यांसाठी कायदा केला होता. आपल्याकडे असा वेगळा कायदा आजही नाही. त्यामुळे दोष मुळातलाच आहे आणि दुरुस्तीने जात नाही, हे पुराव्यानिशी दाखवावं लागतं.

पुरावा म्हणजे काय, ते माझ्या गाडीवरून सांगतो. दोन वर्षांच्या कापसाचे पैसे आणि वर कर्ज, अशी आमची गाडी. चौदाशे किलोमीटरवर ती मिसिंग मारायला लागली. चेक इंजिनचा दिवा लागायचा, पिकअप जायचा, उमरखेडच्या रस्त्यावर तर दोनदा बंद पडली. शोरूमवाल्यांनी पहिल्या खेपेला जॉब कार्डावर लिहिलं, "जनरल चेकअप". मी तिथेच थांबून ते बदलून घेतलं. "चालू गाडीत इंजिन बंद पडतं, दिवा लागतो", असं तारीख आणि किलोमीटरसकट लिहायला लावलं. चौथ्या खेपेपर्यंत तशी चार जॉब कार्डं माझ्या हातात होती. ती जोडून डीलर आणि कंपनी दोघांनाही लेखी पत्र पाठवलं. पंधरा दिवसांत इंजेक्टर वॉरंटीत बदलून मिळाले. गाडी आता बरी चालते.

समजा पत्राने काम झालं नसतं, तर? इथेच २०१९ चा नवा कायदा आपल्या गावासाठी महत्त्वाचा ठरतो. ढाणकीहून नांदेड जवळ, म्हणून बरेच जण पैनगंगा ओलांडून तिकडूनच गाडी आणतात. जुन्या कायद्यात साधारणपणे विक्रेता जिथला, तिथे तक्रार करावी लागे. २० जुलै २०२० पासून नवा कायदा लागू झाला आणि तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही दाद मागता येऊ लागली. म्हणजे गाडी नांदेडची असो की नागपूरची, तक्रार यवतमाळच्या जिल्हा आयोगात चालते. यवतमाळही आपल्याला लांबच, पण तक्रार मोबाइलवरून ई-जागृती पोर्टलवर भरता येते आणि सुनावणी व्हिडिओवर मागता येते.

अजून एक निकाल लक्षात ठेवा. गोव्यातल्या एका ग्राहकाला डीलरने जुन्या वर्षाची, वापरलेली गाडी नवी म्हणून विकली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की डीलरच्या या करणीची कल्पना कंपनीला होती असं सिद्ध झालेलं नाही, म्हणून कंपनी जबाबदार नाही. १९१६ चा निकाल ऐकून "कंपनी देईलच" असं धरून चालू नका. कोणती चूक कोणाची, हे वेगळं मांडा आणि तक्रारीत दोघांचीही नावं टाका.

आता कामाचं थोडक्यात. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करा. गाडीची किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच. पाच लाखांपर्यंत फी नाही, पाच ते दहा लाखांपर्यंत फक्त २०० रुपये. वकील लावलाच पाहिजे असं नाही. दोष नुसता पाहून ठरत नसेल, तर आयोग तपासणीसाठी प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. पोटापाण्यासाठी स्वतः सवारी गाडी चालवणाराही ग्राहकच आहे. आणि आधी नुसतं विचारायचं असेल, तर १९१५ या हेल्पलाइनवर फोन करा.

तुमच्या घरात कोणी नवी गाडी घेत असेल, तर हा भाग त्यांना डिलिव्हरीच्या आधीच ऐकवा. जॉब कार्डवर सही करण्यापूर्वी त्यावर काय लिहिलंय ते वाचायला सांगा. भेटू पुढच्या भागात!