बीपीची गोळी मध्येच का सुटते? चंद्रपूर-गडचिरोलीतील चित्र

उच्च रक्तदाब हा केवळ शहरी, बैठ्या कामाच्या लोकांचा आजार आहे, असा समज आहे. गडचिरोलीतील आकडे मात्र वेगळे सांगतात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 2011 ते 2013 या काळात जिल्ह्यातील 86 गावांमधील मृत्यूंची नोंद केली. त्यात मृत्यूचे सर्वांत मोठे कारण निघाले पक्षाघात, म्हणजेच लकवा. साधारण दर सात मृत्यूंमागे एक लकव्याने झाला होता आणि त्यातील बहुतेक जण घरीच दगावले. लकव्याचे सर्वांत मोठे टाळता येणारे कारण म्हणजे उच्च रक्तदाब.

काम होतंय, मग आजार कसला?

शेतात आणि जंगलात राबणाऱ्या माणसासाठी आजार म्हणजे काम थांबवणारी गोष्ट. ताप आला की माणूस झोपतो, पण बीपी बहुधा दुखत नाही. त्यामुळे चाळिशीत निदान झाले तरी 'बरं वाटतंय' म्हणून गोळी बंद होते. रक्तवाहिन्यांचे नुकसान मात्र वर्षानुवर्षे साचत राहते आणि साठीच्या आसपास लकव्याच्या रूपाने समोर येते.

हंगाम आणि गोळी

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मे महिन्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात धानाची रोवणी. या दिवसांत माणसे पहाटेच घराबाहेर पडतात. 'सकाळी नाश्त्यानंतर गोळी' हा सल्ला इथे टिकत नाही. अशा वेळी डॉक्टरांना विचारून रात्रीच्या जेवणाशी गोळीची वेळ जोडता येते. हंगामाआधीच महिनाभराच्या गोळ्या घेऊन ठेवल्या तर खंड पडत नाही.

खर्रा, दारू आणि मीठ

सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा या भागात पाहुणचाराचाही भाग आहे. नकार दिला तर समोरच्याला वाईट वाटते. पण तंबाखूतील निकोटिन रक्तदाब वाढवते. दारूही तेच करते. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 मध्ये लागू झाली आणि 2021 मध्ये उठली. तंबाखू आणि दारू कमी करण्यासाठी गडचिरोलीत 2016 पासून 'मुक्तिपथ' हा उपक्रम चालतो.

मिठाबाबत जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चमचा. लोणचे, पापड, सुकी मासळी यांतील मीठही त्यातच मोजायचे.

पुजारी की दवाखाना?

लकवा आला की काही घरांत आधी पुजाऱ्याला बोलावले जाते. श्रद्धेची टिंगल केल्याने रुग्ण दवाखान्यात येत नाही. 'सर्च'ने आपल्या रुग्णालयाला आदिवासींच्या श्रद्धेतील माँ दंतेश्वरी देवीचे नाव दिले आणि वॉर्ड गावातल्या घरांसारखे बांधले, ते याच विचाराने. पूजा करायची असेल तर करावी, पण वेळ दवडू नये. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यातले काहीही दिसताच लगेच मोठ्या रुग्णालयात न्यावे. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

काय करता येईल?

तिशीनंतर वर्षातून एकदा तरी बीपी तपासावे. आशा ताई किंवा जवळचे उपकेंद्र यात मदत करतात. 140/90 किंवा त्याहून अधिक आकडा वारंवार आला तर उपचार लागतात. सरकारी आरोग्य केंद्रात त्याच्या गोळ्या मोफत असतात. बीपी नॉर्मल आले म्हणजे गोळी काम करते आहे. ती स्वतःच्या मनाने बंद करू नये.