घरच्या घरी निगेटिव्हचे स्कॅनिंग : साधन कसे निवडावे?

डिंभे धरणाच्या जलाशयात आंबेगाव तालुक्यातील अनेक गावे गेली. ज्याच्या नावाने तालुका ओळखला जातो, ते मूळ आंबेगावही त्यांपैकीच एक. त्या गावांतील घरे, गल्ल्या आणि लग्नकार्ये पाहावयाची, तर जुन्या छायाचित्रांखेरीज फारसे साधन उरलेले नाही. छापील प्रती विटल्या तरी निगेटिव्ह पेटीच्या तळाशी टिकून असते. मात्र जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील दमट पावसाळा तिला मानवत नाही. जिलेटिनच्या थरावर बुरशी धरते. ॲसिटेटची फिल्म खराब होऊ लागली की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. म्हणूनच अशा निगेटिव्ह वेळीच संगणकावर उतरवून घेणे अगत्याचे ठरते.

साधन घेण्यापूर्वी पेटी तपासावी. ३५ मिलिमीटर फिल्मवरील चित्र २४ बाय ३६ मिलिमीटरचे असते. ‘आग्फा क्लिक-३’सारख्या कॅमेऱ्यात १२० क्रमांकाचा रुंद रोल लागत असे व त्यावर बारा चौकोनी चित्रे येत. बाजारातील स्वस्त, छोटे फिल्म स्कॅनर बहुधा केवळ ३५ मिलिमीटरसाठीच असतात. रुंद रोल त्यांत बसत नाही.

दोन्ही प्रकारच्या फिल्म असल्यास झाकणातही दिवा असलेला फ्लॅटबेड स्कॅनर सोयीचा. कार्यालयातील साधा स्कॅनर कागदावरून परावर्तित होणारा प्रकाश टिपतो. निगेटिव्हला प्रकाश आरपार जावा लागतो. जाहिरातीतील ६४०० डीपीआयच्या आकड्याला भुलू नये. फ्लॅटबेडवर प्रत्यक्ष मिळणारा तपशील त्याहून बराच कमी असतो. २४०० डीपीआयला चौकोनी चित्रातून सुमारे २.८ कोटी पिक्सेल मिळतात, तर ३५ मिलिमीटरमधून सुमारे ७७ लाखच. त्यामुळे संग्रह केवळ ३५ मिलिमीटरचा असल्यास खास फिल्म स्कॅनर अधिक उपयुक्त ठरतो.

घरी चांगला डिजिटल कॅमेरा असेल, तर मॅक्रो लेन्स, भक्कम स्टँड आणि ९५ वा अधिक सीआरआयचा प्रकाशफलक पुरेसा होतो. हे काम वेगाने होते. परंतु कॅमेरा व फिल्म तंतोतंत समांतर हवीत आणि खोलीत अंधार हवा.

धूळ आपोआप पुसणाऱ्या इन्फ्रारेड सुविधेसाठी जादा पैसे मोजण्यापूर्वी विचार करावा. कृष्णधवल फिल्ममधील चांदी इन्फ्रारेड किरण अडवते. त्यामुळे उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’सारख्या पारंपरिक कृष्णधवल फिल्मवर ती चालत नाही. तेथे हवेचा फुगा व मऊ ब्रशच कामाचा. बुरशी लागलेली फिल्म पाण्याने मुळीच धुऊ नये. चित्राचा थरच विरघळण्याचा धोका असतो.

हे काम एकदाच करावयाचे असल्याने भावकीतील चार घरांनी मिळून एकच स्कॅनर घेणे परवडते. मूळ फाइल टिफ स्वरूपात ठेवावी व तिच्या प्रती दोन वेगवेगळ्या घरी असाव्यात. निगेटिव्ह टाकून न देता कागदी पाकिटात, सिलिका जेलसह कोरड्या डब्यात जपाव्यात. प्रत्येक फाइलला गावाचे, प्रसंगाचे व माणसांचे नाव वेळीच द्यावे. स्कॅनर चेहरा टिपतो. तो कोणाचा, हे घरातील वडीलधारी मंडळीच सांगू शकतात.