टाळाच्या ठेक्यात टिकलेली आठवण

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. पहिल्या पिढीतल्या वारकऱ्यांत अक्षरओळख असलेली माणसं थोडी. तरी म्हातारी माणसं रात्रभर अभंग म्हणायची, कागदाशिवाय. हे कसं व्हायचं, ते मागं जाऊन बघावं लागतं.

तुकोबा अभंग म्हणत, मागं चौदा टाळकरी धरत. संताजी जगनाडे वह्या लिहून ठेवत. १६५० साली तुकोबा वैकुंठाला गेले, आणि सरकारच्या मदतीनं इंदुप्रकाश छापखान्यात गाथा छापून पुरी झाली १८७३ साली. तीत साडेचार हजारांवर अभंग. मधल्या सव्वादोनशे वर्षांत हातच्या वह्या होत्या, पण थोड्या घरांत. बाकी खेड्यापाड्यांत गाथा राहिली ती माणसांच्या गळ्यात.

गळ्यात राहिली ती चालीमुळं. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात चार चरण: सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरं. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. एक अक्षर सुटलं तरी ठेका अडखळतो, चूक लगेच कळते. एकाला शब्द सुचला नाही तर शेजारचा टाळकरी उचलून धरतो. ध्रुपद फिरून फिरून येतं, तेवढ्यात पुढचं कडवं आठवतं. शिवाय हैबतबाबांनी माऊलींच्या सोहळ्याला शिस्त लावली. पहाटे काकडा, वाटेत वाराचे अभंग, संध्याकाळी हरिपाठ. वार आणि वेळ आली की अभंग आपोआप ओठावर येतो.

आता डॉक्टर मंडळीही सांगतात की गाताना मेंदूचे पुष्कळ भाग एकदम कामाला लागतात. उतारवयात काहीतरी नवं शिकत राहावं. गाण्यानं म्हातारपण टळत नाही, हे खरं. पण धडधाकट म्हाताऱ्यानं डोकं पडीक टाकू नये. जमीन पडीक टाकली की तण माजतं, तसंच हे.

आज पोरं मोबाईलमध्ये बघून अभंग म्हणतात. मोबाईल वाईट नाही, पण टाळ वाजवायला दोन्ही हात लागतात. आणि सगळंच मोबाईलमध्ये गेलं, तर जुन्या चाली कुणाला विचारायच्या? त्या गाथेत छापलेल्या नाहीत. म्हातारा गेला की त्याची चालही गेली.

म्हणून शंभराव्या वर्षी एवढंच मागणं: प्रत्येक म्हाताऱ्यानं दर एकादशीला एक नवा अभंग पाठ करावा, आणि आपल्याजवळची एक जुनी चाल एका पोराच्या गळ्यात उतरवावी.

रामकृष्णहरी.