दूरस्थ धूळयुक्त दीर्घिकांतील रेणवीय वायू
ताऱ्यांचे इंधन असलेला थंड रेणवीय हायड्रोजन जवळजवळ प्रारण करत नाही. म्हणून त्याचे वस्तुमान कार्बन मोनॉक्साइडच्या वर्णरेषांवरून काढतात. दोहोंचे प्रमाण सर्वत्र सारखे नसते, हा आक्षेप रास्त आहे : जड मूलद्रव्ये व धूळ कमी असल्यास अतिनील प्रारणाने कार्बन मोनॉक्साइडचा रेणू फुटतो आणि वायू असूनही रेषा क्षीण दिसते. तरीही पद्धत टाकाऊ ठरत नाही. धूळयुक्त दीर्घिकांत रेणूला आडोसा मिळतो, शिवाय धुळीचे उत्सर्जन व कार्बन अणूंच्या रेषांवरून पडताळा घेता येतो. मात्र रेणूंआधीच्या अणुरूप हायड्रोजनचा हिशेबही हवा. खोडद (जि. पुणे) परिसरातील, ४५ मी. व्यासाच्या ३० अँटेनांच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांचे संकेत एकत्र करून २०२० मध्ये तो मांडला : नवी भर न पडल्यास अणुरूप हायड्रोजनचा साठा १०० ते २०० कोटी वर्षांतच संपला असता. म्हणून रेणवीय व अणुरूप वायूंची मापने एकत्रच वाचावी लागतात.